सातपुड्याचे अरण्य आणि जीवदयेची व्याप्ती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी मला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. 'सातपुड्याचे अरण्य आणि तेथील वन्यजीवन' हा विषय जेव्हा ठरला, तेव्हा धार्मिक संस्थेच्या व्यासपीठावर वाघ-गव्यांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर भूगोलातच आहे. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी वऱ्हाडातील कोणत्याही गच्चीवरून उत्तरेकडे पाहिले, तर क्षितिजावर एक निळसर रेघ दिसते. ती रेघ म्हणजे सातपुडा. त्याच पर्वताच्या कुशीत आपले मुक्तागिरी हे सिद्धक्षेत्र आहे आणि त्याच पर्वताच्या पश्चिमेकडील रांगेत, बडवानीजवळ, बावनगजाची भगवान आदिनाथांची विशाल मूर्ती उभी आहे. आपण तीर्थयात्रेच्या निमित्ताने ज्या पर्वताच्या उंबरठ्यापर्यंत वर्षानुवर्षे जात आलो, त्या पर्वताच्या आत काय आहे, याची ओळख करून घेणे मला अगत्याचे वाटते.

उत्तरेस नर्मदा आणि दक्षिणेस तापी या दोन पश्चिमवाहिनी नद्यांच्या मध्ये सातपुडा पसरलेला आहे. पूर्व गुजरातपासून छत्तीसगडच्या सीमेपर्यंत त्याची लांबी सुमारे ९०० किलोमीटर भरते. पचमढीजवळचे धूपगड हे त्याचे सर्वोच्च शिखर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. या पर्वताची दक्षिणेकडील एक शाखा म्हणजे गाविलगडचे डोंगर, आणि त्या डोंगरांतील अरण्यप्रदेशाला आपण मेळघाट म्हणतो. जेथे घाटांचा मेळ भरला आहे तो मेळघाट! एक घाट चढावा, दुसरा उतरावा, तोच तिसरा समोर उभा राहावा, अशी तेथील भूमी आहे. पूर्णेच्या सपाट, काळ्या मातीच्या खोऱ्यातून ही रांग भिंतीसारखी एकदम वर उठते. वैराटचा माथा जवळजवळ १,१७८ मीटर उंचीवर आहे. या दुर्गमतेमुळेच गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले येथे बांधले गेले. गाविलगड इंग्रजांनी १८०३ च्या डिसेंबरात जिंकला खरा, परंतु त्यामागचे अरण्य त्यानंतरही दीर्घकाळ बाहेरच्या जगाला अपरिचितच राहिले.

अलीकडच्या काळात मेळघाटाचे नाव वर्तमानपत्रांतून आले ते बहुधा दोन कारणांनी: एक व्याघ्रप्रकल्प आणि दुसरे कुपोषण. एकाच भूमीची ही दोन चित्रे आपण वेगवेगळ्या पानांवर वाचतो. त्यांचा परस्परसंबंध काय, याचा विचार मात्र क्वचितच करतो. तो विचार पुढे येईलच. प्रथम अरण्याकडे वळू.

सातपुड्याचे हे अरण्य कोकणातील किंवा पश्चिम घाटातील जंगलासारखे सदाहरित नाही. हे शुष्क पानझडी वन आहे. साग हा येथील प्रमुख वृक्ष. त्याच्या जोडीला ऐन, धावडा, तिवस, हळदू, मोह, तेंदू, सालई, पळस, आवळा आणि बांबू. ओढ्यांच्या काठाने अर्जुन आणि जांभूळ. श्रावणात जो डोंगर हिरव्या शालूत गुंडाळलेला दिसतो, तोच मार्च-एप्रिलमध्ये इतका उघडा पडतो की दगड न् दगड मोजता यावा. नवख्या माणसाला वाटते की जंगल मेले. वास्तविक तो त्याचा संयमाचा काळ असतो. पाणी कमी म्हणून वृक्ष पाने टाकून देतो, आपल्या गरजा आवरतो आणि पावसाची वाट पाहतो. त्या उघड्या डोंगरावर याच दिवसांत पळस फुलतो, मोहाची फुले टपटपू लागतात, आणि हरिण, अस्वल, वानर व माणूस असे सारेच त्या एका झाडाखाली आळीपाळीने येऊन जातात.

मेळघाटाचा पाया काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकावरील तीव्र उतारांवरून पावसाचे पाणी वेगाने वाहून जाते. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या या अरण्यात उगम पावतात वा वाहतात आणि अखेर तापीला मिळतात. उन्हाळ्यात त्यांचे प्रवाह खंडित होतात व मागे उरतात ते केवळ डोह. सेमाडोह या गावाच्या नावातही तो शब्द आहे. वैशाखात सारे वन्यजीवन या मोजक्या डोहांभोवती गोळा होते. वाघ आणि सांबर एकाच पाण्यावर येतात, फक्त वेळा वेगळ्या असतात. डोह आटला की त्या परिसरातील संपूर्ण जीवसृष्टी विस्थापित होते.

या पाण्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. गाविलगडच्या दक्षिण उतारावरून चंद्रभागा, शहानूर यांसारख्या नद्या खाली पूर्णेच्या खोऱ्यात येतात. आपल्या भागातील धरणे व पाणीपुरवठा योजना त्यांच्यावर अवलंबून आहेत. पूर्णा तापीला मिळते, तापीवर उकाईचे धरण आहे, आणि तापीचेच पाणी सुरत शहर पिते. व्यापारानिमित्त सुरतेत स्थायिक झालेले आपले आप्त ज्या नदीचे पाणी पितात, तिची एक ओंजळ या डोंगरांनी भरलेली असते. डोंगरावरील पालापाचोळा आणि मुळे पाण्याला थोडे थांबवून धरतात, म्हणून ती भरते. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून लावलेली आग हाताबाहेर गेली आणि डोंगर जळाला, तर पुढच्या पावसात माती वाहून धरणात जाते. वन आणि घागर यांचे नाते असे निकटचे आहे.

आता या वनातील रहिवाशांविषयी. वाघ, बिबट्या, रानकुत्री, अस्वल, तरस, गवा, सांबर, भेकर, चौशिंगा, नीलगाय, रानडुक्कर, साळिंदर, खवले मांजर, उडती खार अशी ही दीर्घ नामावली आहे. चौशिंगा तर विशेष लक्षणीय. नराच्या मस्तकावर चार शिंगे असणारा हा लहानसा, लाजाळू प्राणी भारतीय उपखंडाबाहेर निसर्गतः कोठेही आढळत नाही. गवा हा याच्या दुसऱ्या टोकाचा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन एक टनापर्यंत भरते. एवढा मोठा देह केवळ गवत आणि पाल्यावर पोसला जातो.

देशात व्याघ्रप्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटाचा समावेश होता. पुढे १९८७ मध्ये त्याचा गाभा गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. आज या व्याघ्रप्रकल्पाचे एकूण क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. एवढे क्षेत्र वाघाला कशाला हवे? वाघ एकटा राहतो, प्रत्येकाचे स्वतःचे क्षेत्र असते, आणि तरुण झालेल्या बछड्याला आईचे क्षेत्र सोडून नवे शोधावे लागते. त्यासाठी तो एका जंगलातून दुसऱ्या जंगलात चालत जातो. मेळघाट आणि मध्यप्रदेशातील सातपुडा व्याघ्रप्रकल्प यांना जोडणारी वाट बैतूल जिल्ह्याच्या वनांतून जाते. मुक्तागिरी त्याच जिल्ह्यात आहे. म्हणजे ज्या डोंगररांगेत आपण दर्शनासाठी जातो, तीच वाघाच्या वंशाची येण्याजाण्याची रांग आहे. ही वाट तुटली, तर मेळघाटचा वाघ बेटावर अडकल्यासारखा होईल आणि काही पिढ्यांत त्याचे रक्त क्षीण होत जाईल.

या अरण्यातील एका छोट्या पक्ष्याची कथा मला आवर्जून सांगायची आहे. त्याचे नाव रानपिंगळा. ही घुबडाच्या कुळातील जात. तिचे शास्त्रीय वर्णन ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. त्यानंतर खानदेशातून जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने मिळवले. शेवटचा विश्वसनीय नमुना १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी जणू अदृश्य झाला. साऱ्या जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने उरले. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत हा पक्षी मिळाल्याची नोंद केली होती. सालिम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर पक्षिशास्त्रज्ञांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला, परंतु तो सापडला नाही.

अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा उघड झाले की १९१४ ची नोंद बनावट होती. संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना नव्याने भरून, त्यावर खोटे स्थळ व खोटी तारीख लिहिलेली होती. ती नोंद बाजूला सारून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबार भागात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, भर सकाळी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला आढळला. तब्बल ११३ वर्षांनंतर! पुढील काही वर्षांत तो मेळघाटातही चांगल्या संख्येने असल्याचे दिसून आले. एका माणसाच्या असत्य लेखनाने एक जीव कित्येक दशके चुकीच्या जागी शोधला गेला. सत्य आणि अहिंसा यांची सांगड आपण तत्त्वचर्चेत घालतो. येथे ती प्रत्यक्ष दिसते.

रानपिंगळा दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, कीटक हे त्याचे भक्ष्य. घरट्यासाठी त्याला जुन्या झाडातील ढोली लागते. ती तो स्वतः कोरू शकत नाही. आपल्या दृष्टीने जे झाड पोकळ, किडके, तोडण्यायोग्य, तेच त्याचे घर. शिवाय घुबडाविषयीच्या अंधश्रद्धेपायी त्याचा बळी जातो तो वेगळाच. या पक्ष्याला वाचवायचे तर त्याला पकडून, पिंजऱ्यात ठेवून, दाणापाणी देऊन भागणार नाही. जुना सागवृक्ष उभा राहू दिला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, आजच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. आपल्या समाजात जीवदयेची परंपरा फार जुनी व उज्ज्वल आहे. पांजरपोळ, गोशाळा, पाणपोई, कबुतरांना दाणे ही त्याची ठसठशीत उदाहरणे. मात्र या करुणेचा विषय बहुधा डोळ्यांसमोरचा एकेक प्राणी असतो. अरण्यातील जीवाला ती त्याच्या अधिवासामार्फतच पोहोचते. आपल्या तत्त्वज्ञानाने तर पृथ्वीकायिक, जलकायिक, वनस्पतिकायिक जीव फार पूर्वीपासून मान्य केले आहेत. माती, पाणी आणि झाड यांना जीव मानणाऱ्या समाजाला अधिवासाची कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

यासंदर्भात तीन गोष्टी आपल्यापुढे विनयपूर्वक मांडतो.

पहिली गोष्ट घाटरस्त्यावरील वानरांची. यात्रेला जाताना गाडी थांबवून त्यांना केळी, बिस्किटे, फरसाण देणारे अनेक जण आहेत. हेतू निर्मळ असतो. परिणाम मात्र असा होतो की वानरे झाडावरून उतरून रस्त्यावर वाट पाहत बसतात, वाहनाखाली सापडतात, पिशव्या हिसकावतात, आणि मग तीच माणसे त्यांना दगड मारतात. वानर जंगलात फळे खाऊन बिया दूरवर नेते. रस्त्यावर बसलेले वानर हे काम थांबवते.

दुसरी गोष्ट पक्षी सोडवण्याची. सणावाराला बाजारातून मुनिया किंवा पोपट विकत घेऊन आकाशात सोडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे देशी पक्षी पकडणे व विकणे हा गुन्हा आहे. आपण दिलेल्या पैशाने पारध्याला पुढच्या जाळ्याची उमेद मिळते. पिंजऱ्यात दुबळा झालेला, अनोळखी शहरात सोडलेला पक्षी फार काळ तगत नाही. विकणाऱ्याची तक्रार वनखात्याकडे करणे हे अधिक अवघड, पण अधिक फलदायी अभयदान आहे.

तिसरी गोष्ट गोशाळांशी निगडित आहे. सातपुड्याच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण निघाले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते दिलेले जनावर लवकरच दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्यांवरही निर्बंध आले. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ मध्ये बंदी घातली गेली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असा पर्याय आहे. वृद्ध गायीची वेदना शमवताना दूरच्या कड्यावरील पक्ष्याचे प्राण जाऊ नयेत, एवढी दक्षता प्रत्येक गोशाळेच्या व्यवस्थापकाने आपल्या पशुवैद्यकाशी बोलून घ्यावी.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या प्रश्नाकडे येतो. या अरण्यात केवळ पशुपक्षी राहत नाहीत. कोरकू हा येथील मूळ समाज. त्यांची भाषा मराठी वा हिंदीच्या कुळातील नाही, ती मुंडा कुळातील आहे. वाघाला ते 'कुला' म्हणतात. ज्या भाषेत वाघाला स्वतःचे जुने नाव आहे, त्या भाषेच्या माणसांनी वाघाबरोबर किती पिढ्या काढल्या असतील, याची कल्पना करावी. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील गावे बाहेर वसवण्याचे काम गेल्या पंचवीस वर्षांत झाले. कोहा, कुंड, बोरी ही सुरुवातीची गावे. २००८ पासून प्रत्येक कुटुंबास १० लाख रुपये व २०२१ पासून १५ लाख रुपये असे साहाय्य ठरले. मोकळ्या झालेल्या शेतांवर गवताची कुरणे वाढली आणि तेथे गवे व सांबरे चरू लागली, हे सत्य आहे. नव्या गावठाणात जमीन, पाणी, रोजगार मिळाला नाही, अशी तक्रार करत काही कुटुंबे २०१९ च्या जानेवारीत जुन्या गावांकडे परत गेली आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला, हेही तितकेच सत्य आहे. आपण सफारीला जाऊन जो वाघ पाहतो, त्याची किंमत कोणीतरी आपल्या घराच्या रूपाने मोजलेली असते. कुपोषणाचे पान आणि वाघाचे पान येथे एकत्र येतात.

वन्यजीव आणि वनवासी यांच्यात एकाचीच निवड करावी लागते, असे मात्र मी मानत नाही. याच डोंगरांच्या पायथ्याशी पायविहीर नावाचे छोटे गाव आहे. २०१२ मध्ये वनहक्क कायद्यान्वये गावाला सुमारे १९० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ओसाड झालेल्या त्या टेकड्यांवर ग्रामस्थांनी झाडे लावली, चराई व तोड स्वतःहून आवरली, पाणी अडवले. तेथील सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या भारतीय जैवविविधता पुरस्काराने या गावाचा गौरव झाला. ज्यांचे पोट वनावर आहे, त्यांच्या हाती वनाची राखण सोपवली तर काय घडू शकते, याचा हा पाठ आपल्याच शेजारी आहे.

मुक्तागिरीला मेंढागिरी असेही एक नाव आहे. कड्यावरून पडलेल्या मेंढ्याच्या कानी ध्यानस्थ मुनींनी णमोकार मंत्र म्हटला आणि तो सद्गतीस गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. एका पर्वताचे नाव एका पशूवरून पडावे, हे मला अतिशय अर्थपूर्ण वाटते. त्या मुनींच्या सभोवती वन होते, धबधबा होता, चरणारी जनावरे होती. तो सारा परिसर तसाच राखणे हा तीर्थरक्षणाचाच भाग आहे. मंदिरांचा जीर्णोद्धार आपण मोठ्या श्रद्धेने करतो. पायऱ्यांच्या कडेला साचणारे प्लास्टिक आणि ओढ्यात टाकले जाणारे निर्माल्य उचलण्याची जबाबदारीही यात्रेकरूंच्या प्रत्येक संघाने आपल्याकडे घ्यावी.

शेवटी विश्वस्त मंडळाकडे एक विनंती. आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांत अनेक विद्यार्थ्यांना वसतिगृहाचा व शिष्यवृत्तीचा आधार दिला. पुढच्या पन्नास वर्षांच्या आरंभी त्यातील काही जागा सातपुड्यातून बाहेर आलेल्या गावांतील कोरकू मुला-मुलींसाठी राखून ठेवाव्यात. त्यांच्या आई-वडिलांनी अरण्यातील जीवांसाठी जागा मोकळी करून दिली आहे. आपण त्यांच्या मुलांसाठी आपल्या वास्तूत थोडी जागा मोकळी केली, तर सुवर्णमहोत्सवाचे स्मरण या स्मरणिकेच्या पानांपलीकडेही राहील.



जय जिनेंद्र.